घरोघरी फाल्गुनराव

गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत संशयकल्लोळ' आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असते, निदान त्यातली पदे तरी ऐकलेली असतात. एका तसबिरीचे निमित्त होते आणि फाल्गुनराव आपल्याबरोबर चार जणांच्या डोक्याला ताप करून ठेवतो. आपण पोट धरून हसतो. पण मंडळी, हल्ली आपल्या घरांत तसबिरीच्या जागी मुलांच्या हातातले पुस्तक आले आहे आणि फाल्गुनरावाची भूमिका आई-वडिलांनी घेतली आहे!

नमुन्यादाखल एक पुस्तक सांगतो. मॉली बूथ या लेखिकेची २०१८ सालची 'नथिंग हॅपन्ड' ही किशोरांसाठीची इंग्रजी कादंबरी. शेक्सपिअरच्या 'मच अडू अबाउट नथिंग' या सुखांतिकेचे हे आजचे रूप. कथा घडते मुलांच्या उन्हाळी शिबिरात. मूळ नाटकातल्या क्लॉडिओची इथे क्लॉडिया झाली आहे. म्हणजे प्रेमात पडणाऱ्या दोघीही मुली. अशी पुस्तके आज इंग्रजीत भरपूर आहेत आणि आपली मुले ती फोनवर वाचतात. आई-वडिलांना कळले की घरात कल्लोळ!

पहिला आक्षेप ठरलेला : "ही पाश्चात्त्यांची थेरं, आपल्या संस्कृतीत बसत नाहीत." अहो, 'संशयकल्लोळ' तरी कुठले? मूळ मोलिएरचे फ्रेंच, तिथून आर्थर मर्फीच्या इंग्रजीत, तिथून देवलांच्या मराठीत. १९१६ साली ते गंधर्व मंडळींनी रंगभूमीवर आणले तेव्हा रेवती झाले होते बालगंधर्व. अश्विनशेठ आणि रेवती यांचे प्रेमप्रवेश दोन पुरुष करत होते आणि सहकुटुंब आलेले प्रेक्षक 'वन्समोअर' देत होते. बालगंधर्वांची साडी नेसण्याची तऱ्हा तर घरंदाज बायका उचलत होत्या. अत्र्यांची 'मोरूची मावशी'ही ब्रँडन थॉमसच्या इंग्रजी प्रहसनावरून आलेली. विजय चव्हाणांनी ती मावशी घराघरांत पोचवली. आपण राहतो त्या कुवेतमध्येही अब्दुल अझीझ अल-निम्श हा नट स्त्रीभूमिकांसाठीच लोकांच्या लक्षात राहिला. तेव्हा परके नाटक घ्यावे, आपल्या काळाचे कपडे घालावे आणि स्त्री-पुरुषांची अदलाबदल करावी, यात आपल्याला नवे काय आहे?

"तो वेष होता, हे प्रेम आहे," असे कोणी म्हणेल. बरोबर! माझे भांडण नेमके इथेच आहे. पुरुषाने लुगडे नेसून हसवले तर आपल्याला चालते. अशा माणसाचा शेवट वाईट झाला तरी चालते. विजय तेंडुलकरांनी १९८१ साली 'मित्राची गोष्ट' लिहिले. त्यातली सुमित्रा मुलीवर प्रेम करते आणि शेवटी आत्महत्या करते. नाटक धाडसी होते, तेंडुलकरांनी समाजाचेच चित्र दाखवले, हे मान्य. पण मराठी घरात वाढणाऱ्या अशा मुलासमोर मग काय उरते? एकीकडे मावशीची थट्टा, दुसरीकडे सुमित्राचे मरण. तिसरी वाट म्हणजे साधे, चारचौघांसारखे सुख. सुखांतिकेवर बेतलेली ही कादंबरी ती वाट दाखवू पाहते आणि आपल्याला खुपते ती तीच.

दुसरा आक्षेप : "वाचून मुले तशी होतील." आपली पिढी मुला-मुलींच्या प्रेमकथांवर आणि तशाच सिनेमांवर पोसली. तरीही आपल्या पिढीत समलिंगी माणसे आहेतच की! पुस्तकाने माणूस बदलत नाही. आपण एकटेच असे नाही, एवढे मात्र त्याला पुस्तकातून कळते.

तिसरा मुद्दा इथल्या कायद्याचा. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी असे संबंध गुन्ह्यातून वगळले. कुवेतचा कायदा वेगळा आहे. आपण इथे पाहुणे आहोत, इथले नियम पाळलेच पाहिजेत. पण म्हणूनच घराची जबाबदारी वाढते. ज्या मुलाला बाहेर कुठेही हा विषय काढता येत नाही, त्याला निदान आईजवळ तरी तो काढता यायला नको का?

मुले आपल्याला बारकाईने ऐकत असतात. जेवणाच्या टेबलावर, गाडीत, मंडळाच्या सहलीत कोणाच्या चालण्या-बोलण्यावरून आपण जी टिंगल करतो, तीही. त्या टिंगलीवरूनच काय सांगायचे आणि काय लपवायचे, हे मूल ठरवते. एकदा लपवायचे ठरले की मग 'आमच्यापासून काही लपवत नाही हो' हे आपले कौतुक आपल्यापाशीच! पुढे मुले शिक्षणासाठी पुण्याला, कॅनडाला जातात, फोन येतात, पण मनातले येत नाही.

तेव्हा पालकहो, पुस्तक हिसकावण्याआधी निदान वाचा. आवडले नाही तर तसे सांगा, वाद घाला. मुलांना वाद चालतो. पण उलटतपासणी घेऊ नका आणि हसू नका. फाल्गुनरावाचा संशय तीन तासांत फिटतो, कारण शेवट देवलांनी लिहून ठेवला आहे. आपल्या घरातला शेवट आपल्यालाच लिहायचा आहे.