नंबर दिसला असता तर...

२०१८ सालची गोष्ट. थंडीचे दिवस होते. आमच्या ओळखीतील एक गृहस्थ काम आटोपून सायकलवरून घरी निघाले होते. सातारा-पंढरपूर रस्ता, म्हसवड जवळ आलेले, रात्रीचे नऊ-साडेनऊ झालेले. मागून आलेल्या एका पिकअप गाडीने त्यांना उडवले आणि गाडी न थांबता निघून गेली. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवरच्या पोराने हे पाहिले. ते पोर धावत आले, त्याने आरडाओरडा करून माणसे गोळा केली. पण गृहस्थ दवाखान्यात पोचेपर्यंत संपले होते.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या पत्नी अर्ज लिहून घेण्यासाठी आमच्याकडे आल्या. सोबत ते टपरीवरचे पोरही होते. आम्ही विचारले, "बाळा, गाडीचा नंबर काय होता?" पोर म्हणाले, "भाऊ, पाठीमागं 'आई-बाबांचा आशीर्वाद' लिवलं हुतं, ते वाचलं म्या. चकाकत हुतं. नंबर न्हाई दिसला. चिखल हुता आन् दिवा बी नव्हता."

आशीर्वाद दिसला, नंबर दिसला नाही. अर्जातील 'वाहन क्रमांक' ही जागा आम्ही कोरी सोडली. त्या कोऱ्या जागेची किंमत काय झाली, ते आज वाचकांसमोर मांडायचे आहे. गाडीचा नंबर आणि दिवा म्हटले की आपल्याला पोलीस आणि पावती आठवते. पण या दोन गोष्टी पोलिसांसाठी नाहीत. त्या पायी चालणाऱ्यासाठी, सायकलवाल्यासाठी, म्हणजे बहुतेक वेळा आपल्यासारख्यांसाठी आहेत.

आधी पैशाचा हिशेब पाहू. धडक देऊन पळालेल्या गाडीचा पत्ता लागला नाही, तर मृताच्या वारसांना सरकारी योजनेतून ठरावीक रक्कम मिळते. २०१८ साली ही रक्कम होती २५ हजार रुपये. त्या भगिनींना तेवढेच मिळाले आणि त्यासाठीही दीड वर्ष हेलपाटे घालावे लागले. १ एप्रिल २०२२ पासून नवी योजना आली. आता मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये मिळतात. रक्कम वाढली, हे चांगलेच झाले.

पण गाडीचा नंबर माहीत असेल तर चित्रच पालटते. प्रत्येक गाडीला तिसऱ्या व्यक्तीसाठीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. नंबरावरून मालक सापडतो, मालकावरून विमा कंपनी सापडते. मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपयांची तरतूद कायद्यात आहे. वाहनचालकाची चूक सिद्ध केली, तर भरपाईला वरची मर्यादाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत या भरपाईचा हिशेब घालून दिला आहे. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, म्हणून हा हिशेब मांडूनच दाखवतो.

समजा, माणसाचे वय ३५, महिन्याची कमाई १० हजार आणि घरात त्याच्यावर अवलंबून चार माणसे. वर्षाची कमाई झाली १ लाख २० हजार. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे. झाले १ लाख ६८ हजार. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा करायचा. राहिले १ लाख २६ हजार. या वयासाठी गुणक आहे १६. गुणाकार केला की २० लाख १६ हजार रुपये होतात. एकीकडे २ लाख, दुसरीकडे २० लाख. मधला फरक फक्त एका वाचता न आलेल्या नंबराचा! एवढ्या रकमेत पोरांची शिक्षणे होतात. गेलेला माणूस परत येत नाही, पण घर उभे राहते.

आता नंबराचे नियम पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि त्याखालील केंद्रीय नियम १९८९ चे. अक्षरे इंग्रजी आणि आकडेही इंग्रजी पद्धतीचेच हवेत. खाजगी गाडीला पांढऱ्यावर काळी अक्षरे, भाड्याने चालणाऱ्या गाडीला पिवळ्यावर काळी, विजेच्या गाडीला हिरवी पाटी. मोटारीच्या अक्षरांची उंची ६५ मिलिमीटर, मोटारसायकलच्या मागच्या आकड्यांची ४० मिलिमीटर. रात्री मागच्या पाटीवर पांढरा दिवा हवा आणि १५ मीटरवरून नंबर वाचता आला पाहिजे. पंधरा मीटर म्हणजे टपरीपासून रस्त्याच्या मध्यापर्यंतचे अंतर. तो दिवा त्या रात्री जळत असता आणि पाटी पुसलेली असती, तर त्या पोराने नंबर सांगितला असता.

आपल्याकडे नंबर वाचण्यासाठी नव्हे, मिरवण्यासाठी असतो. म्हसवड हे सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या सीमेजवळचे गाव. घटकाभर स्टँडवर उभे राहिले तर एमएच ११, एमएच १०, एमएच १३, एमएच ४५ अशा सगळ्या गाड्या दिसतात. त्यांत ४१४१ चे 'दादा' झालेले दिसतात, ८०५५ चा 'बॉस' झालेला दिसतो. आणि कटू वाटले तरी लिहितो, आपल्याही काही तरुणांच्या गाड्यांवर नंबर बारीक आणि 'जय भीम' मोठे असते. जयभीम आमच्याही ओठांवर आहे. पण ज्या महामानवाने या देशाची घटना लिहिली, त्यांचे नाव कायदा मोडण्याच्या जागेवर लिहावे का? ते काचेवर लिहा, मडगार्डवर लिहा. नंबराची जागा नंबरालाच ठेवा.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी, कंपनीकडूनच बसून येते. त्याआधीच्या गाड्यांनाही ती आपल्या राज्यात सक्तीची झाली आणि २०२५ मध्ये तिची मुदत अनेकदा वाढवली गेली. दर असा ठरला : दुचाकी व ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५०० आणि चारचाकीला ७४५, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे दुचाकीला ५३१ रुपये. रोजंदारीवरच्या माणसाला हा भुर्दंडच वाटतो. त्याची एका दिवसाची मजुरी जाते आणि पाटी बसवायला लांब जावे लागले तर आणखी एक खाडा पडतो. ही सोय प्रत्येक मोठ्या गावात व्हायला हवी, अशी मागणी आपण जरूर करावी. पण पाटीचा उपयोगही समजून घ्यावा. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेसरने कोरलेला क्रमांक असतो. ती एकदा बसवली की मोडल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे चोराला नंबर बदलणे अवघड जाते. तिचा पृष्ठभाग मागच्या गाडीचा उजेड पडला की चकाकतो. मात्र तिच्यावर चिखल बसला तर पाचशेची पाटी आणि पत्र्याचा तुकडा सारखाच!

आता दिव्यांकडे वळू. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि उसाने भरलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर येतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टरचा मागचा दिवा उसाच्या वाढ्यांनी झाकलेला, ट्रॉलीला दिवाच नाही, नंबरही नाही. पंक्चर झाली तर ट्रॉली तशीच रस्त्यात सोडलेली, मागे फार तर चार दगड. दुचाकीवरून येणाऱ्याला ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

का उशीर होतो? ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समोर काही आहे हे लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो, म्हणजे २५ मीटर संपले. पुढे गाडी थांबेपर्यंत कोरड्या डांबरावरही आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. एकूण पन्नास मीटर तरी हवेत. दुचाकीच्या खालच्या झोतात काळपट ट्रॉली तेवढ्या अंतरावरून दिसतेच असे नाही. नियम सांगतो, मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. १५५ मीटर म्हणजे त्याच वेगाने नऊ सेकंद. एका साध्या बल्बने माणसाला नऊ सेकंद मिळतात. जीव वाचायला ते पुरेसे आहेत.

दिव्याबरोबर मागे तांबडे परावर्तकही हवेत. ज्या चकाकत्या पट्टीला आपण 'रेडियम' म्हणतो, त्यात रेडियम अजिबात नसते. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा कंगोरे असतात आणि पडलेला उजेड ते आल्या वाटेने परत पाठवतात. म्हणजे ही पट्टी स्वतः उजेड देत नाही. समोरच्या गाडीचा दिवा बंद असेल किंवा पट्टीवर धूळ बसली असेल, तर ती निरुपयोगी ठरते. म्हणून पट्टी आहे तर दिवा कशाला, असे म्हणू नये. बैलगाडीला मात्र दिवा नसतो, तिला ही पट्टीच आधार आहे. ऊसतोडीच्या टोळ्यांत आपली माणसे आहेत. त्यांनी मुकादमाकडे पट्टीचा आग्रह धरावा.

दिवा नसणे हा एक धोका, तर दिवा डोळ्यांत मारणे हा दुसरा. समोरचा झोत खाली वळलेला असावा, समोरच्याचे डोळे दिपू नयेत, असा नियमच आहे. पण हौसेने पांढरे जादा दिवे लावतात आणि समोरून कोणी आले तरी डिपर मारत नाहीत. डोळे दिपले की काही क्षण माणूस आंधळाच होतो आणि नेमके त्याच क्षणी कडेने चालणारी बाई-मुले त्याला दिसत नाहीत. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही आपोआप चालू राहतो. "ओ, दिवा चालू आहे," असे आपण ओरडून सांगतो. तो बिघाड नाही, ती दुचाकी लांबून दिसावी म्हणून केलेली सोय आहे.

३१ ऑक्टोबर २०२२ ची संध्याकाळ आठवा. सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ पंढरपूरला पायी निघालेल्या दिंडीत मागून मोटार घुसली आणि सातजण गेले. ते वारकरी करवीर तालुक्यातील जठारवाडीचे होते. त्या अपघाताचे कारण दिवाच होता, असे आम्ही म्हणत नाही. पण अंधार पडल्यावर रस्त्याने चालणारा माणूस किती उघड्यावर असतो, ते त्या दिवशी दिसले. आपणही ६ डिसेंबरला चैत्यभूमीला रात्रीच्या गाड्या करून जातो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीहून उशिरा पायी परततो. गाडी ठरवताना आपण भाडे विचारतो, सीट विचारतो. मागचे दिवे लागतात का, हे किती जण पाहतात?

तेव्हा घरोघरी एवढे करावे. रविवारी विहारात निघण्यापूर्वी ओल्या फडक्याने गाडीचा नंबर आणि काचा पुसाव्यात. हे काम मुलांना द्यावे. एकाने ब्रेक दाबावा, दुसऱ्याने मागे उभे राहून तांबडा दिवा लागतो का ते पाहावे. सायकलच्या मागे तांबडे परावर्तक आणि पायडलला पट्टी लावावी. आमच्या त्या गृहस्थांच्या सायकललाही ते नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रात्री पायी जाताना उजव्या कडेने चालावे, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते. पौर्णिमेला आपण शुभ्र वस्त्रे नेसतो. रात्रीच्या रस्त्यावर तोच रंग सर्वात लांबून दिसतो, हेही माता-भगिनींनी ध्यानात ठेवावे.

आणि दुर्दैवाने अपघात झालाच तर आधी जखमीला दवाखान्यात न्यावे, पण त्याच वेळी एकाने गाडीचा नंबर लिहून किंवा फोटो काढून ठेवावा. पोलिसांत फिर्याद द्यावी. फिर्यादीची प्रत मोफत मिळते. गाडी सापडली नाही तर जिथे अपघात झाला तेथील प्रांत किंवा तहसीलदारांकडे अर्ज करावा. गाडी सापडली तर न्यायाधिकरणात दावा लावावा. कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे, म्हणून दिरंगाई करू नये. वकिलाच्या फीची भीती बाळगू नका. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जातीचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो.

त्या भगिनी आज दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जातात. थोरल्या मुलाने दहावीनंतर शाळा सोडली, तो आता टेम्पो चालवतो. मागच्या महिन्यात तो भेटला तेव्हा आम्ही त्याच्या गाडीमागे जाऊन पाहिले. नंबर स्वच्छ होता, पाटीवरचा दिवाही लागत होता. पोर म्हणाले, "काका, रोज पुसतो."

वाचकहो, आपणही पुसा. जयभीम.