निसर्ग ‘ॲडजस्ट’ करत नाही, मंडळी!

“निसर्ग बरोबर ॲडजस्ट करून घेतो रे. तुम्ही पर्यावरणवाले उगाच बोंबलता!”

दर वर्षी मार्च-एप्रिल आला की हे वाक्य माझ्या कानावर पडतंच. मी नोकरीनिमित्त सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात असतो. इथे बहिरी ससाणे उंच इमारतींवर अंडी घालतात आणि तिथे वेबकॅम लावलेले असतात. मग ऑफिसातली निम्मी जनता एका खिडकीत कोड आणि दुसऱ्या खिडकीत ससाणा उघडून बसते. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की सगळे हळवे होतात आणि लगेच कुणीतरी वरचा सिद्धांत मांडतो. पुरावा काय? तर ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेगाने सूर मारणारा कड्याकपारीतला पक्षी आता काचेच्या इमारतीवर संसार करतोय. म्हणजे सगळं आपोआप ठीक झालं!

यातलं ‘आपोआप’ साफ खोटं आहे. आणि हे खोटं निरुपद्रवीसुद्धा नाही.

जरा इतिहास बघू. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीची फवारणी सुरू झाली. ते किड्यांतून छोट्या पक्ष्यांत आणि छोट्या पक्ष्यांतून ससाण्यात साठत गेलं. साखळीत सगळ्यात वर असणाऱ्याच्या वाट्याला सगळ्यात जास्त विष. त्यामुळे अंड्याचं कवच इतकं पातळ झालं की उबवायला बसलेल्या आईच्याच वजनाने ते फुटायचं. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतली अंडी तपासून हे १९६७ मध्ये दाखवून दिलं. तोवर अमेरिकेच्या पूर्व भागात बहिरी ससाण्याची वीण संपली होती. १९७० मध्ये अख्ख्या कॅलिफोर्नियात वीण करणाऱ्या फक्त २ जोड्या माहीत होत्या.

आता मला सांगा, त्या काळात उंच इमारती नव्हत्या का? कबुतरं नव्हती का? माँट्रियलच्या सन लाइफ बिल्डिंगवर तर १९४० च्या दशकातच ससाण्याची जोडी पिल्लं वाढवत होती. म्हणजे शहरात राहायची कला त्यांना तेव्हाही येत होती. ॲडजस्ट करायला चांगली पंचवीस वर्षं मिळाली होती. का नाही केलं? कारण विषाशी ॲडजस्ट करता येत नाही, राजे हो. मरता येतं.

मग झालं काय? १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीच्या वापरावर बंदी घातली. उत्पादकांचा विरोध होता, महिनोन्‌महिने सुनावण्या चालल्या, तरी घातली. टॉम केड या प्राध्यापकाने १९७० मध्ये कॉर्नेल विद्यापीठात ‘पेरेग्रिन फंड’ सुरू केला होता. इकडे सांताक्रूझच्या विद्यापीठातही १९७० च्या दशकात शिकारी पक्ष्यांवर काम करणारा गट उभा राहिला. ही माणसं दोर लावून कड्यांवरून खाली उतरायची, पातळ कवचाची अंडी जपून उचलायची आणि त्या जागी खोटी अंडी ठेवायची. खरी अंडी प्रयोगशाळेत उबवून पिल्लं परत घरट्यात नेऊन सोडायची.

शिवाय पिंजऱ्यात वीण करून वाढवलेली पिल्लं होतीच. त्यांना रानात सोडायच्या पद्धतीचं नाव ऐका : हॅकिंग! आपल्या धंद्यातल्या हॅकिंगपेक्षा हा शब्द शेकडो वर्षांनी जुना आहे, ससाणे पाळणाऱ्यांचा. साधारण पाच आठवड्यांची पिल्लं उंचावरच्या पेटीत ठेवायची. माणूस दिसणार नाही अशा बेताने त्यांना खाणं द्यायचं. उडण्याजोगी झाली की दार उघडायचं आणि स्वतःची शिकार स्वतः करेपर्यंत पुढचे काही आठवडे खाणं ठेवत राहायचं. अशी हजारो पिल्लं सोडली, तेव्हा कुठे १९९९ मध्ये हा पक्षी अमेरिकेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर आला. सॅन होजेच्या सिटी हॉलवर जागा मादीने स्वतः पसंत केली हे खरं. पण २००७ मध्ये अठराव्या मजल्यावर वाळूखड्यांची पेटी माणसांनीच नेऊन ठेवली ना?

आणि वेबकॅमवर न दिसणारा भाग वेगळाच. पिल्लू सहा आठवड्यांचं झालं की पहिली झेप घेतं आणि कधी काचेवर आपटतं, कधी भर रस्त्यात उतरतं. मी स्वतः दोन वर्षं मे महिन्यातले शनिवार-रविवार एका इमारतीखाली दुर्बीण घेऊन उभा राहिलोय. खाली आलेलं पिल्लू धडधाकट असेल तर पेटीत घालून परत गच्चीवर नेतात. पंख मोडला असेल तर पुनर्वसन केंद्रात. एक्स-रे, ऑपरेशन, मग लांब पिंजऱ्यात उडायचा सराव. शिकार करण्याइतकं उडता येतंय याची खात्री पटल्याशिवाय सोडत नाहीत. एवढं करूनही पहिल्या वर्षात निम्म्याहून अधिक पिल्लं मरतात.

“एका पक्ष्यावर एवढा खर्च कशाला?” असा प्रश्न येतोच, आणि तो चुकीचा नाही. नुसती जखमी पक्ष्यांची मलमपट्टी करून ही प्रजाती वाचली नसती. मेमरी लीक तसाच ठेवून रोज रात्री सर्व्हर रीस्टार्ट करण्यातला तो प्रकार झाला असता. मूळ बग डीडीटी होता, तो आधी काढला, म्हणून बाकीची मेहनत फळाला आली. क्रम लक्षात घ्या : आधी बंदी, मग पिल्लं.

हे मराठीत सांगायचं कारण आपली गिधाडं. १९९० च्या दशकापासून भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे त्याचं कारण २००४ मध्ये सिद्ध झालं. आणि ते शोधणाऱ्या शास्त्रज्ञांच्या पाठीशी कोण होतं? तोच पेरेग्रिन फंड. २००६ मध्ये भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जातच होत्या, म्हणून २०१५ मध्ये बाटलीचा आकारही कमी करावा लागला. केटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक ही तशीच घातक औषधं गुरांसाठी बंद व्हायला २०२३ उजाडलं. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रातली गिधाडं २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचमधून सोडली गेली. गिधाड गोंडस नसतं, त्याचा व्हिडिओ कुणी फॉरवर्ड करत नाही. पण त्याची गोष्ट ससाण्याचीच आहे, फक्त अजून अर्ध्यावर आहे.

आणि म्हणूनच त्या ‘ॲडजस्ट’ शब्दाची मला चीड येते. तो शब्द केलेल्या कामाचं श्रेय खातो आणि पुढच्या कामातून आपल्याला सुट्टी देतो. उद्या एखाद्या औषधावर किंवा कीटकनाशकावर बंदीची चर्चा निघेल, तेव्हा “होईल ॲडजस्ट” म्हणणारे आपणच असू, शिकलेसवरलेले, एसीत बसलेले.

तेव्हा वेबकॅम जरूर बघा, मीही बघतो. फक्त पुढच्या वेळी ती लिंक पाठवाल तेव्हा सोबत एक ओळ लिहा : ‘डीडीटी बंद केलं म्हणून हे पिल्लू दिसतंय.’ वाद झाला तर मला बोलवा.