प्रश्न सरळ असेल, तरच उत्तर खरे

आपल्या शाळेत मराठी विषयाचे तास किती असावेत, यावर छापील फॉर्म वाटून पालकांचे मत घ्यावे, असा विचार संस्थेच्या बैठकीत पुढे आला आहे. विचार स्तुत्य आहे. परंतु फॉर्म वाटण्यापूर्वी त्यातील प्रश्न नीट पारखून घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुचविलेला एक प्रश्न असा : ‘मुलांवरील अभ्यासाचा बोजा कमी करण्यासाठी मराठीचे तास कमी करावेत असे आपणांस वाटते का?’ मुलाचा बोजा कमी व्हावा असे कोणत्या आईला वाटणार नाही? ती ‘होय’ लिहील आणि आपण म्हणू, पालकांना मराठी नको. याउलट, ‘आपली थोर मायबोली जपण्यासाठी तास वाढवावेत का?’ हा प्रश्नही तितकाच सदोष आहे. मग त्याचे उत्तर माझ्या मनासारखे का येईना. साधे विचारावे : मराठीचे तास आहेत तेवढेच असावेत, कमी असावेत, की जास्त? आणि ‘सांगता येत नाही’ हाही पर्याय ठेवावा.

दुसरा प्रश्न आहे, ‘आपली मातृभाषा कोणती?’ जनगणनेतही तो विचारतात. २०११ च्या जनगणनेत देशात ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा मराठी नोंदली गेली. पण तेथे मातृभाषेची व्याख्या, लहानपणी आई ज्या भाषेत बोलत असे ती, अशी होती. इंदूरच्या कित्येक मराठी घरांत आज जेवणाच्या पाटावर हिंदीच चालते. त्यांनी ‘मराठी’ लिहिले तर ते खोटे नाही. पण मूल घरी काय बोलते, हे त्यातून कळत नाही. आपल्याला तेच हवे असेल तर असे विचारावे : ‘काल संध्याकाळी मूल आईशी कोणत्या भाषेत बोलले? आजीशी कोणत्या?’ ‘नेहमी’ म्हटले की माणूस शोभेल ते सांगतो. ‘काल’ म्हटले की आठवून सांगतो.

तिसरी गोष्ट, फॉर्म परत कोण देतो? अमेरिकेत १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने निवडणुकीपूर्वी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. २० लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून लँडन जिंकणार असे छापले गेले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. नावे मुख्यतः टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांतून घेतली होती, म्हणजे खाऊनपिऊन सुखी घरांची. शिवाय ज्यांना फार सांगायचे होते त्यांनीच उत्तरे धाडली. आकडा मोठा असून उपयोग झाला नाही.

आपल्याकडेही हेच होईल. सभेला नेहमी येणारे पालक फॉर्म भरतील. दुकान सांभाळणारे, पाळीत काम करणारे राहून जातील. म्हणून माझ्या सूचना अशा : फॉर्म मराठी व हिंदी दोन्हीत असावा, कारण अनेक घरांत आई हिंदी भाषक आहे. माझे स्वतःचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यात कमीपणा काही नाही. फॉर्मवर नाव नको. तो वर्गशिक्षकांच्या हाती न देता बंद पेटीत टाकावा, म्हणजे भीड राहणार नाही. आधी दहा पालकांकडून भरून घेऊन कोणता प्रश्न अडतो ते पाहावे. आणि ज्या वर्गातून फॉर्म कमी येतील, तेथील घरी पुन्हा विचारणा करावी.

विश्वस्त मंडळींना विनंती की, निर्णय आधी ठरवून त्याला आकड्यांचा आधार शोधू नये. पालकांनी शाळेला काय आवडेल याचा विचार न करता, जे आहे ते लिहावे. विद्यार्थी मित्रांनो, फॉर्म घरी पोहोचविणे तुमच्या हाती आहे. दप्तराच्या तळाशी राहिलेले एक मतही कमीच पडते. मराठीचे तास घटोत वा वाढोत, तो निर्णय खऱ्या उत्तरांवर व्हावा, एवढेच माझे मागणे आहे.