उसना वेग किती कामाचा?

शंभर मीटरच्या शर्यतीत पाठीमागचा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल, तर ती वेळ विक्रम म्हणून धरली जात नाही. वाऱ्याने दिलेला वेग धावपटूचा नव्हे, हे त्यामागचे साधे तत्त्व. सरावात मात्र असा उसना वेग मुद्दाम दिला जातो. कमरेच्या पट्ट्याला रबरी दोर बांधून धावपटूला पुढे ओढले जाते किंवा सौम्य उतारावरून पळवले जाते. या ‘ओव्हरस्पीड’ सरावामुळे पायांना आणि मज्जासंस्थेला जास्त गतीची सवय होते, अशी कल्पना.

ही कल्पना चुकीची नाही, पण अपुरी आहे. पीटर वेयंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवान माणसे पाय हवेतून पुढे आणण्यात फारशी चपळ नसतात, ती जमिनीवर जास्त जोर लावतात, असे त्यात दिसून आले. कसलेल्या धावपटूचे पाऊल पूर्ण वेगात जमिनीला टेकते ते सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. तेवढ्या अवधीत शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर लागतो. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंदांचा विक्रम केला, तो अवघ्या ४१ पावलांत.

हा जोर दोरातून मिळत नाही. उलट ओढ जास्त झाली, की पाऊल शरीराच्या फार पुढे पडते, प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो आणि मांडीच्या मागच्या स्नायूवर ताण येतो. म्हणूनच जाणकार प्रशिक्षक स्वतःच्या वेगापेक्षा पाच-दहा टक्क्यांपलीकडे जाऊ देत नाहीत. उतार दोन-तीन अंशांचा, शक्यतो गवताचा. धावा मोजक्या आणि दोन धावांमध्ये पूर्ण विश्रांती. त्याआधी बैठका, उड्या आणि धावण्याची ढब पक्की झालेली हवी.

महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत शंभर मीटरची धाव असते. तिची तयारी करणाऱ्यांपैकी अनेकांना ना प्रशिक्षक असतो, ना धावपट्टी. त्यांनी घाटाच्या डांबरी उतारावर किंवा दुचाकीला दोर बांधून हा प्रयोग करू नये. फाटलेला स्नायू भरून यायला कित्येक आठवडे लागतात आणि चाचणीची तारीख कोणासाठी थांबत नाही. अशा उमेदवारांसाठी आधी पायांत ताकद आणणे, हाच वेग वाढवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.