वरच्या फळीवरचा तागा

१८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, तो कापसासाठी. पुढे खामगाव-मलकापूरच्या पेठांत गाठी हलल्या, ताग्यांच्या थप्प्या रचल्या गेल्या. हे सारे पेलले माणसांच्या खांद्यांनी. अशाच एखाद्या पेढीवर पन्नाशी ओलांडलेला दुकानदार वरच्या फळीवरचा तागा काढू जातो आणि हात अर्ध्यावरच थबकतो. रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. घरात निदान ठरलेलेच असते : ‘खांदा आखडला.’ पुष्कळदा आखडलेले काहीच नसते. दुखावलेला असतो एक लहानसा स्नायू.

त्याचे नाव सुप्रास्पायनेटस. खवाट्याच्या हाडावर मागच्या बाजूस जो आडवा कणा हाताला लागतो, त्याच्या वरच्या खोबणीत तो असतो. त्याची कंडरा खांद्याच्या टोकाच्या हाडाखालील अरुंद बोळातून जाऊन दंडाच्या हाडाच्या माथ्याला चिकटते. तिथेच ती वयोमानाने झिजते, विरते, कधी फाटते. हात उचलण्याचे मोठे बळ डेल्टॉइडचे. पण तेवढ्या वेळात दंडाचा गोल माथा उथळ खोबणीत धरून ठेवण्याचे काम हा आणि त्याचे तीन सोबती करतात. दुकान मालकाच्या नावाने चालते आणि मुनीम गेला की कळते, तसाच हा प्रकार.

जाणता वैद्य यंत्राआधी हात लावतो. रुग्णाला हात पाठीमागे कमरेवर न्यायला सांगितले, की बोळात दडलेली कंडरा पुढे सरकते. खांद्याच्या टोकाच्या किंचित पुढे-खाली बोट दाबले की नेमकी तीच दुखते. कण्यावरची खोबण दुसऱ्या बाजूपेक्षा खोल दिसली, तर स्नायू सुकू लागला असे समजावे. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांत कळ येणे, हीही खूण.

खरा भेद मात्र एका साध्या प्रश्नात आहे. रुग्णाला स्वतःला हात उचलता येत नाही; पण वैद्याने उचलला तर जातो का? जात नसेल, तर सांधा आखडला आहे. मधुमेह्यांत हे अधिक आढळते. सहज जात असेल आणि आधार काढताच हात पडत असेल, तर कंडरा फाटल्याची शंका घ्यावी. बोस्टनचे शल्यविशारद कॉडमन यांनी १९३४ मध्ये खांद्यावर ग्रंथ लिहिला. हात पडण्याची ही परीक्षा आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. साध्या क्ष-किरण चित्रात कंडरा दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागते.

दोन प्रसंगी चोळण्या-शेकण्यात दिवस दवडू नयेत. पडल्यानंतर हात अचानक उचलेनासा झाला, तर अस्थितज्ज्ञाकडे लवकर जावे. फाटलेला स्नायू महिनोन्महिने तसाच राहिला की आकसतो, त्यात चरबी भरते, मग टाके धरत नाहीत. आणि खांदा हलवल्याने नव्हे, तर जिना चढताना दुखू लागला, सोबत घाम वा धाप असली, तर खांदा राहू द्यावा आणि तत्काळ रुग्णालयात जाऊन हृदय तपासून घ्यावे.