गदा एक, गाद्या दोन

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राला एकाच महिन्यात दोन 'महाराष्ट्र केसरी' लाभले. पुणे जिल्ह्यातील फुलगावच्या मैदानात सिकंदर शेखने शिवराज राक्षेला अस्मान दाखवले. आणि दहा-बारा दिवस उलटतात न उलटतात तोच धाराशिव येथे भरलेल्या दुसऱ्या स्पर्धेत त्याच राक्षेने हर्षवर्धन सदगीरला नमवून तोच किताब पटकावला. एका फडातला पराभूत मल्ल दुसऱ्या फडात राज्याचा अजिंक्य मल्ल ठरला. यात या मल्लांचा काडीचाही दोष नाही. समोर आखाडा दिसला की त्यात उतरणे हाच त्यांचा धर्म. दोष आहे तो एकाच नावाचे दोन बाजार मांडणाऱ्यांचा. २०२५ साली तर एकाच जिल्ह्याने हा चमत्कार पाहिला. फेब्रुवारीत अहिल्यानगर शहरात पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला आणि मार्चअखेर त्याच जिल्ह्यातील कर्जत येथे वेताळ शेळके.

हा किताब मराठवाड्याला परका नाही. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना मामासाहेब मोहोळ यांनी १९५३ साली केली आणि महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ साली औरंगाबादला भरली. दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. जालना त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये ही स्पर्धा खुद्द जालन्यात आली. त्याच ऑक्टोबरअखेर शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता आणि त्यांत जालना जिल्ह्याचे तालुकेही होते. बुलढाण्याकडून लढणाऱ्या बाला रफीक शेखने पुण्याच्या अभिजित कटकेला हरवले आणि गदा उचलली. त्या दिवशी हा महाराष्ट्र केसरी कोणत्या संघटनेचा, असे कोणाला विचारावे लागले नाही. किताबाची खरी प्रतिष्ठा ती हीच.

दोन तऱ्हेच्या कुस्त्या आल्या की दोन स्पर्धा येणारच, असे काहीजण साळसूदपणे सांगतात. जालन्याच्या त्या लढतीनेच हा युक्तिवाद खोडून काढला आहे. लाल मातीतील कुस्ती आणि गादीवरील कुस्ती या खरोखरच दोन भिन्न विद्या आहेत. पकड वेगळी, पाय रोवण्याची रीत वेगळी, दमसासाचा हिशेब वेगळा. तरीही महाराष्ट्राच्या कुस्तीने त्यांचा तंटा शहाणपणाने मिटवला: माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांनी समोरासमोर यावे आणि जो जिंकेल त्याने गदा घ्यावी. जालन्यात शेख मातीतून आला होता, कटके गादीवरून. दोन विद्या एका किताबाखाली नांदू शकतात. नांदू शकत नाहीत त्या दोन खुर्च्या.

या खुर्च्यांचा इतिहास लपून राहिलेला नाही. परिषदेचे अध्यक्षपद वर्षानुवर्षे शरद पवार यांच्याकडे होते. २०२२ साली भारतीय कुस्ती महासंघाने परिषदेची कार्यकारिणी बरखास्त केली आणि भारतीय जनता पक्षाचे तेव्हाचे खासदार रामदास तडस यांच्या नेतृत्वाखालील नव्या संघाला मान्यता दिली. प्रकरण न्यायालयात गेले. आखाड्याच्या फाटाफुटीची रेषा राज्याच्या राजकारणातील फाटाफुटीच्या रेषेवरून काढलेली असावी, हा योगायोग मानायला फार मोठा भाबडेपणा लागेल. आज मैदान मारायचे असते ते मल्लाने. पण मंडप, फलक, मोटारगाडीचे बक्षीस आणि व्यासपीठावरील हार हे सारे कोणाच्या पुढाऱ्यासाठी मांडले जाते, हे प्रेक्षकांतले पोरही सांगेल.

फूट ही स्वतः वाईट नसते. ती कशावरून पडली, हे पाहावे लागते. इंग्लंडमध्ये १८९५ साली रग्बी फुटबॉलमध्ये फूट पडली. उत्तरेकडील खाणींत आणि गिरण्यांत राबणारे खेळाडू शनिवारच्या सामन्यासाठी काम सोडत आणि मजुरी गमावत. ही बुडालेली मजुरी भरून द्यावी, एवढीच त्यांच्या क्लबांची मागणी होती. उच्चभ्रू चालकांनी 'हौशी खेळा'चे सोवळे पुढे करून ती धुडकावली आणि उत्तरेकडील क्लब बाहेर पडले. पुढे दोन खेळ झाले, नियम वेगळे झाले, दोन विश्वचषक झाले: बाहेर पडलेल्यांचा १९५४ पासून, मूळ संघटनेचा १९८७ पासून. मूळ संघटनेने खेळाडूला उघडपणे मोबदला देण्यास मान्यता दिली ती १९९५ साली, फुटीला शंभर वर्षे झाल्यावर. कोणता विश्वचषक खरा, हा वाद तिथेही रंगतो. परंतु त्या वादाच्या तळाशी कामगाराच्या घामाचा प्रश्न होता.

महाराष्ट्राच्या फुटीच्या तळाशी काय आहे? मल्लाच्या खुराकावरून कोणी परिषद सोडली नाही. गावोगावच्या ओस पडत चाललेल्या तालमींवरून कोणी संघ काढला नाही. वाद आहे तो गदा कोणी द्यायची याचा. गदा उचलणारे हात कशावर पोसायचे, याचा नाही.

जालन्यासारख्या जिल्ह्यात या प्रश्नाचा अर्थ उघड्या डोळ्यांना दिसतो. समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेले जांब याच जिल्ह्यातील. मारुतीचे देऊळ आणि त्याच्या आडोशाला तालीम ही इथल्या गावांची जुनी ओळख. कापूस, सोयाबीन आणि मोसंबी यांवर जगणारे कुटुंब एका मुलाला तालमीत धाडते, तेव्हा ते शेतावरचे दोन राबते हात कमी करते आणि घरातल्या दुधा-तुपाचा मोठा वाटा त्याच्यापुढे ठेवते. अर्थशास्त्राच्या भाषेत ही दीर्घ मुदतीची गुंतवणूक आहे. आणि तीही पाऊस दगा देईल त्या वर्षी मोडून पडणारी. परताव्याची आशा दोनच ठिकाणी असते: जत्रेतल्या फडाचा इनाम आणि सरकारी नोकरी. नरसिंग यादव आणि विजय चौधरी हे तीन-तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाले आणि पोलीस उपअधीक्षकाच्या पदापर्यंत पोहोचले. ही उदाहरणे तालमीतल्या प्रत्येक पोराला पाठ असतात. राज्याच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत; पण त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संघटनेचे असावे लागते. संघटनाच दोन आणि मान्यताच वादात, तर त्या कागदाची किंमत कोण ठरवणार? पुढाऱ्यांच्या भांडणाची वसुली अखेर मल्लाच्या घरातून होते.

यावर एक बाजारी उत्तर तयार असते: स्पर्धा दोन झाल्या तर बक्षिसेही दुप्पट, मल्लांचा फायदाच. हा हिशेब फसवा आहे. फड दहा भरोत, इनाम शंभर वाटले जावोत. त्याला कोणाची हरकत नाही. किताब मात्र इनामासारखा नसतो, तो नाण्यासारखा असतो. एकाच छापाचे नाणे दोन टांकसाळी पाडू लागल्या की दोन्हींचे मोल उतरते आणि खऱ्या नाण्यालाही सराफ दाताखाली धरून पाहतो. आज फुलगावच्या विजेत्याला आणि धाराशिवच्या विजेत्याला 'तुम्ही कोणते?' असा एकच प्रश्न ऐकावा लागतो. दोघांनीही घाम गाळला आणि दोघांच्याही हाती अर्धेच नाणे पडले.

पंचांचा प्रश्न याच मुळातून उगवतो. जत्रेच्या फडात पाठ मातीला लागली की निकाल साऱ्या गावाने पाहिलेला असतो. गुणांच्या कुस्तीत तो पंचाच्या डोळ्यांवर सोपवलेला असतो. म्हणून तिथे पंचावरील विश्वास हाच निकालाचा पाया. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महेंद्र गायकवाडला बाहेरच्या टांगेवर चार गुण मिळाले, सिकंदर शेख हरला आणि राज्यभर गदारोळ उठला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला पाठ टेकलीच नव्हती असे म्हणत राक्षेने पंचाला लाथ मारली. त्याच्यावर आणि गायकवाडवर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर पाय उगारणे कदापि समर्थनीय नाही. परंतु ज्या संघटनेची स्वतःची वैधताच वादग्रस्त, तिच्या पंचाचा शब्द अंतिम मानावा ही अपेक्षा कोणत्या बळावर करायची? आणि प्रतिस्पर्धी संघटना शेजारीच दुसरा मांडव घालून बसली असेल, तर शिस्तीचा धाक कुठवर टिकणार?

दिल्लीकडे पाहून शिकावे, तर तिथेही हाच तमाशा झाला. महिला मल्ल महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करीत २०२३ साली रस्त्यावर बसल्या. निवडणुका वेळेवर न घेतल्याबद्दल जागतिक संघटनेने महासंघाला निलंबित केले आणि बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत भारतीय मल्लांना तिरंग्याविना उतरावे लागले. पुढे जानेवारी २०२४ अखेर महासंघाची राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात आणि हंगामी समितीची त्याच आठवड्यात जयपूरला, असे दोन राष्ट्रीय अजिंक्यपदांचे नाटक देशाने पाहिले. महाराष्ट्रातील परंपरेच्या दोन्ही राखणदारांनीही स्त्रियांच्या बाबतीत फुशारकी मारू नये. १९६१ साली सुरू झालेल्या या किताबाची महिलांसाठीची पहिली स्पर्धा सांगलीत भरायला २०२३ साल उजाडावे लागले.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा कायदा केला. क्रीडा मंडळ आणि न्यायाधिकरण यांची त्यात तरतूद आहे. त्याचे स्वागत करावे, पण वरून येणाऱ्या मान्यतेवर भिस्त ठेवू नये. २०२२ ची फूटही वरून आलेल्या मान्यतेनेच पडली होती. किताबाचा खरा मालक ना परिषद आहे, ना संघ. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांना तिथवर पाठवण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली होती. त्या वर्गणी देणाऱ्यांचे वारस हे या गदेचे धनी आहेत.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. महाराष्ट्र केसरी एकच असावा. तो भरवणारी समिती आजी-माजी मल्ल आणि वस्ताद यांनी निवडावी. प्रत्येक जिल्ह्यातील नोंदणीकृत तालमीला मत असावे, आणि त्या मतदारांत स्त्रियाही असाव्यात. पंचांचे मंडळ आयोजकांपासून स्वतंत्र असावे. जमाखर्च दरवर्षी जाहीर व्हावा आणि त्यातील ठरावीक वाटा जिल्ह्यांतील तालमींच्या खुराकासाठी बाजूला काढला जावा. हे घडेपर्यंत मुख्यमंत्र्यांपासून आमदारांपर्यंत कोणीही दोन्हींपैकी एकाही व्यासपीठावर पाऊल ठेवू नये. ते आले नाहीत तर मंडप लहान होईल, आखाडा नाही.

आणि त्यांनी हे मानले नाही, तर तालमींनी आपला अखेरचा डाव टाकावा. दोन गाद्यांच्या या भांडणात आपले मल्ल उतरवणार नाही, एवढा ठराव जालन्यापासून कोल्हापूरपर्यंतच्या वस्तादांनी केला, तर दोन्ही संघटनांना एका टेबलाशी बसायला आठवडाही लागणार नाही. मल्लाविना गदा म्हणजे नुसता धातूचा गोळा, हे त्यांना तेव्हाच कळेल.