ऋण आणि तप्पु



मागच्या अंकात संक्रांतीच्या एळ्ळु-बेल्लावर लिहिलं होतं. तो लेख वाचून दोघी-तिघींनी वेगळंच विचारलं : "रविवारी सकाळी तुमच्या चर्चमध्ये मोठ्या माणसांचाही वर्ग असतो म्हणे. तिथे काय शिकवतात? परीक्षा असते का?" परीक्षा नसते. शिकवणारा असा एक कुणी नसतो, आणि त्यामुळेच कधी कधी फार गोंधळ होतो. येत्या दीड-दोन महिन्यांत या वर्गाचे बरेच कार्यक्रम आहेत, त्यातले काही आपल्या मंडळाच्या लोकांसाठीही खुले आहेत. म्हणून या वेळी त्याबद्दलच.

केशवापुरात आमच्या चर्चमध्ये उपासनेच्या आधी पाऊण तास हा प्रौढ वर्ग भरतो. १८-२० जण असतात. निम्मे रेल्वेतून निवृत्त झालेले, दोन शिक्षिका, एक नर्स आक्का, आणि माझ्यासारखे लॅपटॉपवर पोट भरणारे चौघे. इथली चर्चची मुख्य भाषा कन्नड. ते स्वाभाविकच आहे. बासेल मिशनचे लोक १८३७ मध्ये धारवाडला आणि १८३९ मध्ये हुबळीला आले, आणि त्यांनी कन्नडातच काम केलं. आमची मराठी ख्रिस्ती घरं मागाहून आली, नोकरीच्या मागे. माझे आजोबा मिरजेहून रेल्वेत लागले आणि येताना ट्रंकेत मराठी बायबल घेऊन आले. त्यामुळे वर्गात तीन पुस्तकं उघडी असतात : कन्नड, मराठी आणि तरुण मंडळींच्या मोबाइलवर इंग्रजी. एक ओवी वाचायची तर तीनदा वाचली जाते. (हो, आम्ही बायबलच्या वचनाला ओवी म्हणतो.)

आता हीच गोष्ट बदलायची, असा प्रस्ताव आला आहे. ईस्टरनंतर वर्ग फक्त इंग्रजीत घ्यावा, म्हणजे वेळ वाचेल आणि मुलं येतील. प्रस्ताव मांडणारे काही वाईट बोलत नाहीत. माझ्या भाच्याला मराठी वाचताच येत नाही, कन्नडही शाळेपुरतीच येते. तरी माझं मत प्रस्तावाच्या विरुद्ध आहे, आणि त्याचं कारण भाषेचा अभिमान हे नाही. जानेवारीत वर्गात जे घडलं, ते कारण आहे.

प्रभूची प्रार्थना आम्हा सगळ्यांना लहानपणापासून पाठ. पाठ असल्यामुळेच तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. त्या रविवारी क्षमेची ओळ आली. कन्नडात तिथे 'तप्पु' आहे, म्हणजे चूक, अपराध. आमच्या मराठीत 'ऋण' आहे. इंग्रजीत काही जण 'डेट्स' म्हणतात, काही जण 'ट्रेसपासेस'. ट्रेसपास म्हटल्यावर रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेले सगळे हसले, कारण रुळांच्या कडेची ती पाटी आमची पहिली इंग्रजी वाचनपाटी! मग खरा शब्द कोणता, यावर जुंपली. मी मोबाइलवर शोधलं. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ देणं, कर्ज असाच आहे. लूकच्या शुभवर्तमानात त्याच जागी पाप हा शब्द येतो. म्हणजे भाषांतरकारांपैकी कुणीच खोटं बोललेलं नाही.

एवढ्यावर वर्ग संपला असता. पण वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका, एरवी हजेरीपुरते येणारे, म्हणाले, "तप्पु सोडता येतो हो. कुणी काही बोललं, मी विसरलो. पण ऋण म्हटलं की आकडा येतो." आणि त्यांनी आकडाच सांगितला. लॉकडाऊनच्या वर्षी धाकट्या भावाला ४०,००० रुपये दिले होते. ते परत आले नाहीत. दोघांचं बोलणं बंद आहे. भावाच्या मुलीच्या लग्नालाही काका गेले नाहीत. "इतकी वर्षं कन्नडात प्रार्थना म्हणतो. आज मराठीत ऐकली आणि अडकलो."

कुणी काही बोललं नाही. एका शिक्षिकेने हळूच विचारलं, की न फेडू शकणाऱ्याचं ऋण सोडायचं, की फेडू शकतो पण फेडत नाही त्याचंही? त्यावर पाऊण तासाचा दीड तास झाला. काकांना उपदेश करायला दोघे सरसावले होते, त्यांना नर्स आक्कांनी गप्प केलं. बरं केलं.

आमच्या आयटीत एकाच फाइलच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक बघतात. जिथे दोन्ही सारख्या असतात तिथून नजर पुढे सरकते, फरकाच्या ओळीवर थांबते. वर्गात तीन भाषांनी नेमकं हेच होतं. एकाच भाषेत वाचलं असतं, मग ती मराठी का असेना, तर आम्ही त्या ओळीवरून सवयीने पुढे गेलो असतो. लोक 'आत्मिक वाढ' म्हणतात तेव्हा मला त्याचा आलेख काढता येत नाही. पण एक हजेरीपुरता येणारा माणूस आकड्यासकट बोलला, हे मी पाहिलं आहे.

आता कार्यक्रम. यंदा फेब्रुवारीत हुबळीची मजाच आहे. १५ तारखेला महाशिवरात्र आणि त्यानंतर सिद्धारूढांचा रथ, १८ ला आमचा राखेचा बुधवार, आणि त्याच सुमारास चंद्रदर्शनाने रमजान. एका आठवड्यात अर्धं गाव उपवासाला बसणार! आमचा उपवासकाळ रविवार वगळून ४० दिवसांचा. या काळातल्या सहा रविवारी आम्ही मार्कचं शुभवर्तमान पूर्ण वाचणार आहोत. १६ अध्याय आहेत, तिन्ही भाषांत, म्हणून वर्ग अर्धा तास आधी सुरू होईल.

शनिवारी संध्याकाळी किम्सच्या आवारात डबे वाटायचे आहेत. गदग, हावेरी, कोप्पळकडून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक तिथे रात्र काढतात. दर शनिवारी ४० डबे, भाकरी आणि पल्ल्या. भाकऱ्यांसाठी हात कमी पडतात, तेव्हा मंडळातल्या ज्यांच्या भाकरीला पापुद्रा येतो त्यांनी जरूर यावं. माझ्या भाकऱ्यांबद्दल वर्गात एकमत आहे, ते इथे लिहीत नाही.

१९ मार्चला पाडवा उपवासकाळातच येतोय. आमच्यातल्या काहींनी ४० दिवस गोड सोडलंय, पण शेजारून आलेलं श्रीखंड परत पाठवायचं नाही, असं वर्गाने ठरवलं आहे. (हा ठराव मात्र एकमताने आणि फार लवकर झाला.)

२२ मार्चला संध्याकाळी भजनसंध्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं, पेटी, तबला आणि टाळ. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि कीर्तन काही सोडलं नाही. ते आमच्याकडे घेऊन आले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलं असेलच. मंडळाच्या भजनी बायकांनी त्या दिवशी आमच्याबरोबर बसावं, ही विनंती. चाली ओळखीच्या वाटतील.

२९ मार्चला झावळ्यांचा रविवार, ३ एप्रिलला गुड फ्रायडे, ५ एप्रिलला ईस्टर. ५ एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिनही आहे, १९२२ चा. त्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातल्या रानात, गंगामूळला झाला. पुढे केडगावात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणलं. ईस्टरच्या चहापानाला त्यांच्यावर दहा मिनिटं बोलायचं काम माझ्याकडे आलंय.

प्रस्तावावर चर्चा १२ एप्रिलला. भाच्याला मी सांगितलंय, तुझा मोबाइल आण, तुझी इंग्रजी ओळ तू वाच, तिसरा आवाज आम्हालाही लागतो. तो येईन म्हणालाय, पण त्या दिवशी क्रिकेट नसेल तर.

काकांनी मागच्या आठवड्यात भावाला फोन केला. पैशांचा विषय दोघांनीही काढला नाही. भावाने एवढंच विचारलं, की गुडघा कसा आहे.